मुठीतली वाढ

चाळिसावा ठिपका खाली पडला. कागदाच्या वरच्या अंगाला एकोणचाळीस निळे ठिपके दाटीवाटीने बसले होते, खालच्या अंगाला अडतीस लाल, आणि दोन्ही घोळक्यांच्या मध्ये चार बोटं रुंद कोरी जागा. ती कोरी जागा बघून गेला तासभर मला खुर्चीत धड बसवत नव्हतं. उठत होते, खिडकीशी जात होते, परत येऊन मोजत होते. जालन्यासारख्या गावात, बेडकांच्या बरण्यांनी भरलेल्या प्राणिशास्त्राच्या या खोलीत, एका डुगडुगत्या टेबलावर असं काही उगवेल असं कुणी सांगितलं असतं तर मीच हसले असते. निळे म्हणजे धडधाकट बाया, लाल म्हणजे स्तनाचा कर्करोग झालेल्या. आता शेवटचा एक निळा टाकायचा आणि औरंगाबादला माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावायचा. मी आकडा वाचला, पट्टी धरली, आणि निळी पेन्सिल खाली खाली गेली, कोरी जागा ओलांडून थेट लालांच्या गर्दीत. नऊ. बाकीच्या निळ्या चाळीस ते साठ, आणि ही एकटी नऊ. यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी मी पुन्हा वाचली. प्रत्येक बाईचं रक्त आम्ही दोन-दोन खाचांत घालतो, चूक झाली तर कळावी म्हणून. दुसऱ्या खाचेतही नऊच. बाहेर रस्त्यावर बियाण्याच्या पिशव्यांनी भरलेला ट्रक मागे घेत होते, कुणीतरी 'आने दो, आने दो' ओरडत होतं.

या ठिपक्यांमागे सात वर्षं होती. आठवडाभर पोरांना शिकवायचं आणि शनिवारी औरंगाबादची गाडी धरायची. लोक विचारायचे, मॅडम, कशावर चाललंय तुमचं? मी सांगायचे: आपल्या रक्तात 'वाढ' असा हुकूम देणारे पदार्थ फिरत असतात. पेशी तो हुकूम ऐकते आणि एकाच्या दोन होते. पण हे पदार्थ मोकळे फिरत नाहीत, त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं असतात. आठवडी बाजारात आई पोराचं मनगट मुठीत धरून चालते ना, तसं. मूठ सैल पडली की पोर सुसाट. म्हणजे ज्या बाईच्या रक्तात हे धरणारं प्रथिन कमी, तिच्या अंगात वाढ मोकाट, आणि कधीतरी गाठ. हा माझा अंदाज. ऐकणाऱ्याचा चहा एवढ्यात संपलेला असायचा. जगात मात्र यावर कडाकडा भांडणं चालू होती. कुणी म्हणे हे प्रथिन वाढ रोखतं, कुणी म्हणे हेच वाढीच्या पदार्थाला जपून नेऊन नेमकं गाठीच्या दारात सोडतं, आणि त्यातलं एक भावंड तर म्हणे कुणालाही न धरता पेशीला मरायला लावतं. हे वाद वाचताना मला घरातलं भांडण भिंतीआडून ऐकल्यासारखं व्हायचं, अंगावर काटा यायचा. सर म्हणत, "सत्यशीलाबाई, इतकं सोपं नसतं ते." मी त्यांना ओळखते तेव्हापासून ते हेच म्हणत आलेत. या चार बोटं जागेपुढे ते काय म्हणतात ते मला बघायचं होतं.

आणि आता हा चाळीस नंबर. मी यादी काढली. अनवरी, वय चौतीस, शहागड. चेहरा लगेच आठवला: स्वैपाकघराच्या दाराला टेकून उभी असलेली, हसू आवरणारी बाई. धडधाकट बाया मला मिळवून दिल्या त्या सिराजोद्दीनने. तो आमच्या खोलीचा अटेंडंट, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. बेडूक फाडावा तर त्यानेच, माझ्यासकट सगळे लेक्चरर त्याच्याकडूनच शिकले. डिसेंबरात मी बाया शोधत वणवण हिंडत होते. वडीगोद्रीला माझ्या माहेरच्या बाया कापूस वेचायला रानात, आणि रक्ताचं नाव काढलं की आतूनच 'न्हाई' म्हणायच्या. तेव्हा सिराजोद्दीन म्हणाला, "मॅडम, आमच्या मोहल्ल्यात चला. अम्माचा शब्द कुणी मोडत न्हाई. रमजान चालू हाय, दुपारच्याला समद्या घरीच भेटतेत." अम्मा म्हणजे त्याची आई, रहिमाबी. तपासणीपुरतं रक्त काढल्याने रोजा तुटत नाही हे तिने मौलवीसाहेबांना आधीच विचारून ठेवलं होतं. तिने बायांची रांग लावली आणि पहिला हात स्वतःचा पुढे केला. एक नंबर रहिमाबी. मला पन्नाशीपुढच्या हव्या होत्या, त्या एकोणचाळीस भरल्या, चाळिसावी काही केल्या मिळेना. मग रहिमाबीने धाकट्या सुनेला, सिराजोद्दीनच्या लहान भावाच्या बायकोला, हाताला धरून ओढत आणलं. "हिचं घ्या बाई, गिनती पुरी करा." सिराजोद्दीन यादी लिहीत होता. नाव, वय, रोजा आहे का. प्रत्येकीपुढे 'आहे'. ते बघून मला फार बरं वाटलं होतं, सगळ्या कशा एकसारख्या, पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. जेवणाने या प्रथिनाचा आकडा हलतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या वहीत पहिल्याच पानावर ते लिहिलेलं आहे. पण हलून हलून किती हलेल, असं मी स्वतःला म्हटलं होतं आणि पान उलटलं होतं.

मग तो विचार आला. कसा आला ते नीट सांगायला हवं, कारण त्याची मला अजून लाज वाटते. आधी वाटलं, बाटल्या बदलल्या असतील. नव्हत्या, नंबर माझ्याच हाताने घातलेले होते. मग वाटलं, ही एक बाई गाळूनच टाकावी, वयातही बसत नाही. मी खोडरबर उचललंसुद्धा. आणि हातात खोडरबर असतानाच डोक्यात लख्ख पडलं: ठिपका चुकीच्या जागी नाहीच. ठिपका बरोबर जागी आहे, बाईच चुकीच्या रंगात आहे. अनवरीच्या अंगात गाठ आहे. तिला कळलेली नाही, डॉक्टरच्या बोटांना लागणार नाही इतकी बारीक, पण रक्तातली मूठ सैल पडली आहे आणि ते मला इथे, जालन्यात बसून दिसलं आहे! मी ताडकन उभी राहिले, खुर्ची मागे पडली. म्हणजे गाठ दिसण्याआधी आकडा बोलतो. म्हणजे गावोगाव फिरून बोटभर रक्त घ्यायचं आणि सांगायचं, तू जा, तू थांब. छाती इतकी धडधडत होती की मी हसत होते, एकटीच, बरण्यांसमोर. मला मासिकातलं माझं नाव दिसलं, सरांचा बंद पडलेला आवाज ऐकू आला. एका बाईला कर्करोग असावा म्हणून मी हसत होते हे कळायला मला चांगली दोन-तीन मिनिटं लागली. कळल्यावरसुद्धा हसू लगेच थांबलं नाही.

खुर्चीचा आवाज ऐकून सिराजोद्दीन आत आला. "काय झालं मॅडम? तब्येत बराबर न्हाई का?"

"तुमच्या धाकट्या भावजयीचं रक्त पुन्हा घ्यायला लागेल," मी म्हटलं.

"अनवरीचं? कामून?"

"आकडा जरा वेगळा आलाय. बहुतेक माझीच चूक असेल."

तो कागदाकडे बघत राहिला. बेडकाचं काळीज पानासारखं उलगडून दाखवणाऱ्या माणसाला ठिपके कळत नाहीत असं मी सात वर्षं धरून चालले होते. "हा निळा लालात कसा गेला?" त्याने विचारलं. मी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. तो म्हणाला, "तिची पोरगी लहान हाय, मॅडम. चला, जल्दी गेलो तर साडेअकराची गाडी भेटते."

गाडीत तो माझ्या पुढच्या बाकावर बसला, मान ताठ करून, एकदाही मागे वळून बघितलं नाही. अंबड गेलं. फेब्रुवारी संपत आला होता, दोन्ही बाजूंनी ज्वारी काढणीला आलेली, आणि मी पर्स पोटाशी धरून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. अनवरीला काय सांगायचं याची नव्हे, तर निबंधाच्या पहिल्या परिच्छेदाची. दर दोन वाक्यांनी स्वतःला झिडकारत होते आणि पुन्हा तिथेच जात होते. वडीगोद्रीच्या थांब्यावर गाडी थांबली तेव्हा मात्र वाक्यं बंद पडली. समोरच्या पत्र्याच्या दुकानामागे मावशीचं घर. चांगुणाबाई, माझ्या आईची पाठची बहीण. पंच्याऐंशी साली मी एम.एस्सी.ला होते, सुट्टीत आले तर मावशी माजघरात बाजेवर, आणि तिच्या डाव्या अंगाला असं काही उगवलेलं की बघवत नव्हतं. तिची मनगटं काटकुळी झाली होती, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत. मी तिला लिंबाचं सरबत पाजत होते तेव्हा ती म्हणाली, "सत्ये, हे वाढून राह्यलं अन् मी कमी होऊन राह्यले. इतकी शिकलीस तू, सांग बरं, ह्याला कोण खाऊ घालतंय?" मला सांगता आलं नाही. रडूही आलं नाही, त्याचीच मला भीती वाटली. मला तो प्रश्न इतका नेमका वाटला की ती बाजेवर असतानाच मी त्याचा विचार करू लागले होते, तिचं सरबत तिच्या हनुवटीवरून ओघळत होतं आणि मी विचार करत होते, खरंच, कोण खाऊ घालतं, आणि आधी कोण अडवत होतं. मावशी पंधरा दिवसांनी गेली. तिच्या दहाव्याला मी वही उघडून बसले होते म्हणून आईने मला दगड म्हटलं. कंडक्टरने घंटा मारली आणि वडीगोद्री मागे पडलं.

शहागडला पुलाच्या अलीकडे टायरवाल्यांची दुकानं, त्यांच्या मागे मोहल्ला. सिराजोद्दीन बाहेर ओट्यावर वडिलांजवळ, गुलाम नबींजवळ, बसला. म्हातारबुवांनी मला सलाम केला आणि विचारलं, "बाई, समदं खैरियत?" मी हो म्हटलं आणि आत शिरले. अनवरी परातीत पीठ मळत होती. रहिमाबीने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून खाली बसली.

"काही दुखतं का तुला?" मी अनवरीला विचारलं. "छातीत? काखेत? कुठं गाठ, काही गळणं?"

"न्हाई बाई."

"मी बघू?"

मी डॉक्टर नाही, पण औरंगाबादच्या कर्करोगाच्या वॉर्डात दोन वर्षं फिरताना तिथल्या सिस्टरांनी बोटांनी कसं बघायचं ते शिकवलं होतं. अनवरीने पिठाचे हात वर धरले, मान फिरवली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. मी बघितलं. काही नव्हतं. पुन्हा बघितलं, काखेत, गळ्याच्या हाडाशी. तिसऱ्यांदा बघताना तिने 'आई गं' केलं, तेव्हा कळलं की मी फार जोरात दाबते आहे. मला काहीतरी सापडायला हवं होतं. मी हात काढून घेतला.

"मला काय झालंय का, बाई?" तिचा आवाज बारीक झाला होता.

आता लपवून चालणार नव्हतं. "त्या दिवशी सगळ्या बायांचा आकडा वर आला, आणि तुझा एकटीचा खाली. आजारी बायांचा येतो तसा. सगळ्या रोज्यानं होत्या, सगळं सारखं होतं, म्हणून मला काळजी वाटली. डॉक्टरला दाखवू आपण."

अनवरी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सासूकडे बघितलं, सासूने तिच्याकडे. आणि अनवरीने पिठाचा हात तोंडावर धरला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"बाई, माहा रोजा न्हव्हताच त्या दिवशी."

"यादीत आहे ना लिहिलेलं."

"यादी कोण लिहून राह्यलं व्हतं? भाईजान. जेठासमोर मी काय सांगू, माहे दिवस चालू हायेत म्हणून? त्या दिवसांत रोजा धरायचा नसतो. पर घरातल्या गड्यांना रोजाच वाटला पाह्यजे ना. तुम्ही यायच्या आधी चुलीमागं बसून भाकर खाल्ली मी. गूळ खाल्ला, दोन केळी खाल्ली. तोंड पुसलं अन् अम्मानं ओढून आणलं तुमच्यासमोर."

"म्या इसरले व्हते," रहिमाबी म्हणाली. "गिनती पुरी करायच्या नादात."

खरं सांगते, पहिला जो क्षण आला तो निराशेचा होता. हातातलं काही कुणी हिसकावून घेतलं असं वाटलं. मग त्याच्या मागोमाग बाकीचं कोसळत आलं. आमच्याकडे वडीगोद्रीला त्या चार दिवसांची बातमी अख्ख्या गल्लीला असायची. बाई बाजूला बसली की पाणी भरायला आलेल्या माणसालाही कळायचं. कुणी बाई ते लपवून, उपाशी असल्याचं सोंग घेऊन, चुलीमागे भाकरी खात असेल हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आणि पाळीचा रकाना माझ्या तक्त्यात होता! सगळ्या पन्नाशीपुढच्या, कशाला हवा, म्हणून मीच तो खोडला होता. पण हे काहीच नव्हतं. खरं पुढेच होतं. एका भाकरीने आणि दोन केळ्यांनी अनवरी जर वरून खाली, लालांच्या गर्दीत येऊन पडते, तर मग लाल तरी तिथे का आहेत? वॉर्डात रक्त मी दहा वाजता घेत असे. आठला दूध-पाव वाटलेला असायचा, आणि बाया पावाचा चुरा पदरावरून झटकत माझ्यापुढे हात करायच्या. एका बाजूला पहाटेपासून उपाशी एकोणचाळीस, दुसऱ्या बाजूला खाऊन बसलेल्या अडतीस. ती चार बोटं रुंद जागा कर्करोगाची नव्हती. भुकेची होती. माझ्याच वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं होतं आणि मी पान उलटलं होतं.

मी मटकन खाली बसले, परातीशेजारी. सात वर्षं, आणि सरांना आज फोन लावला असता तर? मग मला हसू आलं. आधी बारीक, मग आवरेना. अनवरी घाबरून पाणी आणायला उठली, मी तिला हाताने थांबवलं. कारण आता मला दिसत होतं ते आलेखाच्या कागदावर मावणारं नव्हतं. एक भाकरी! चुलीमागे घाईघाईने गिळलेली एक भाकरी रक्तात जाते आणि मुठी पटापट सैल पडतात. म्हणजे तो महिनाभर या गल्लीत दिवस चढेल तशा चाळीस बायांच्या अंगातल्या मुठी घट्ट होत होत्या, आणि संध्याकाळी अजान झाली, खजूर तोंडात पडला, की सगळ्या एकदम उघडत होत्या. रोज. प्रथिन म्हणजे एकदा ठरलेला आकडा असं मी समजत होते, आणि ते तर श्वासासारखं चालू होतं. तासातासाला मोजायला हवं होतं! एकाच बाईचं, उपाशी, खाल्ल्यावर, कष्ट करून आल्यावर. मग आजारी बाईचं तसंच. मूठ किती उघडते ते नाही, उघडलेली पुन्हा मिटते की नाही ते. माझ्या हातात काही उरलं नव्हतं आणि मला इतका आनंद झाला होता की मी अनवरीचे पिठाचे हात धरून हलवत होते. "तुला काही झालेलं नाही," मी म्हणाले, "निदान मी म्हणत होते तसं काही नाही. तू भाकरी खाल्लीस, एवढंच!"

"आता भाकर खाल्ल्याचं पण निघतं का रक्तात?" ती म्हणाली. "मंग अवघडच हाय बायकांचं."

आम्ही दोघी हसलो. रहिमाबी हसली नाही. ती दाराला टेकून बसली होती, नजर माझ्या बोटांवर. हसू ओसरल्यावर तिने हलक्या आवाजात विचारलं, "बाई, ते तुम्ही हिला इचारलं ना, गाठ. ती हाताला कशी लागते?"

"का?"

तिने पदर सैल केला. माझा उजवा हात घेतला, आपल्या पदराखाली नेला आणि एका जागेवर ठेवला. चिंचोक्याएवढी. टणक. मी बोट हलवलं तर बोटाखाली थोडी सरकली. मला तिचा आकडा पाठ होता. एक नंबर, अठ्ठावन्न, कागदावरच्या सगळ्यात वरच्या ठिपक्यांपैकी एक. धडधाकट बायांत धडधाकट. माझ्या अंदाजाप्रमाणे या बाईला काही म्हणता काही व्हायला नको होतं.

"तेव्हा होती ही? रमजानमध्ये?"

"व्हती."

"मग सांगितलं का नाही मला?" माझा आवाज चढला. "मी तुमच्या समोर बसले होते, अम्मा! सगळं ह्याच्यासाठीच तर चाललं होतं!"

रहिमाबी रागावली नाही. डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, "चाळीस बायांचं रक्त नेलं बाई तुम्ही. इचारलं एकीला बी न्हाई."

अनवरी परातीवर हात तसेच धरून बसली होती. ओट्यावर म्हातारबुवा खोकले, रस्त्यावरून एक ट्रक गियर बदलत पुलाकडे गेला. माझं बोट अजून तिथेच होतं. ती गाठ साधी असेल, नसेल, मला ठाऊक नव्हतं आणि माझ्या कुठल्याही ठिपक्याला ठाऊक नव्हतं. पण ती लहान होती. सरकत होती. माझी छाती सकाळी धडधडत होती तशीच, तितक्याच जोराने, पुन्हा धडधडायला लागली.

"आता विचारते," मी म्हटलं. "कधीपासून आहे?"

"मागल्या बकरीदच्या आगं-मागं लागली हाताला. पोरांना कसं सांगू म्हणून ऱ्हायलं. तुम्ही बी कुणाला..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उठले होते. तिला दारापासून बाजूला सरकवलं, दार सताड उघडलं. सिराजोद्दीन ओट्यावरून ताडकन उभा राहिला, त्याचा चेहरा पांढराफटक.

"अनवरी ठीक आहे," मी म्हटलं. "जालन्याची परतीची गाडी किती वाजता आहे? अम्मा आपल्याबरोबर येतायत."